हंगामी फुलांचे तिमाही हिशेब: सेबीच्या अध्यक्षांस खुले पत्र



आपल्या मंडळाच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमावलीतील तेहतिसाव्या विनियमानुसार सूचिबद्ध कंपनीला शेवटची तिमाही वगळता प्रत्येक तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत आपले निकाल शेअर बाजाराकडे सादर करावे लागतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीसाठी ही मुदत मोजली तर ती नेमकी १४ फेब्रुवारीला संपते. इतर उद्योगांच्या दृष्टीने या तारखेत विशेष काही नाही. परंतु लांब दांड्याचा गुलाब पिकवून विकणाऱ्या कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम त्याच दिवशी संपतो. मुदतीच्या अखेरीस जेव्हा संचालक मंडळ डिसेंबरअखेरच्या आकड्यांना मान्यता देते, तेव्हा निर्यातीचा माल विमानाने रवाना झालेला असतो, परदेशी खरेदीदारांचे भाव ठरून गेलेले असतात आणि हंगाम साधला की हातचा गेला हे कंपनीच्या व्यवस्थापनाला पुरते ठाऊक असते. भागधारकाच्या हाती मात्र अशा तिमाहीचे पत्रक पडते, जिच्यात त्या हंगामाचा खर्च आहे आणि उत्पन्न नाही. ही विसंगती कोणाच्या लबाडीतून आलेली नाही. पिकाचे चक्र आणि हिशेबाचे चक्र एकमेकांशी जुळत नाही, म्हणून ती आली आहे. तिच्यावरचा उपाय बऱ्याच अंशी मंडळाच्याच नियमावलीत ऐच्छिक तरतुदीच्या रूपाने पडून आहे, आणि ती तरतूद बंधनकारक करावी, हे या पत्राचे मुख्य मागणे आहे.

महाराष्ट्रातील हरितगृहांमधला गुलाब मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात आणि तळेगाव दाभाड्याच्या फुलशेती उद्यानाच्या परिसरात पिकतो, आणि तेथील बहुतेक उत्पादक खासगी कंपन्या किंवा स्वतंत्र शेतकरी आहेत, हे खरे आहे. त्यांना तिमाही निकाल जाहीर करावे लागत नाहीत. तरी खेळत्या भांडवलासाठी रोख पत देणाऱ्या बँका त्यांच्याकडून वेळोवेळी आकडे मागवतातच, आणि त्या आकड्यांच्या मांडणीवर सूचिबद्ध कंपन्यांच्या प्रथेचा प्रभाव पडू शकतो. शिवाय लघु व मध्यम उद्योगांच्या बाजारमंचावर नोंदणी घेणाऱ्या कंपन्यांना सहामाही निकाल द्यावे लागतात आणि कृषी क्षेत्रातील कंपन्यांना तो मार्ग खुला आहे. म्हणून मंडळाने घातलेला पायंडा थोड्या कंपन्यांपुरता राहणार नाही.

प्रश्न नीट समजण्यासाठी ३१ डिसेंबरला हरितगृहात नेमके काय उभे असते, हे आधी पाहिले पाहिजे. फेब्रुवारीच्या बाजारासाठी गुलाबाची छाटणी डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पंधरवड्यात, जातीप्रमाणे थोडी पुढेमागे, केली जाते. छाटलेल्या जागेखालचा डोळा फुटतो, त्यातून तांबूस कोंब सरळ वर येतो, काही आठवड्यांत त्याच्या टोकाला वाटाण्याएवढी कळी दिसू लागते, आणि हिवाळ्यात छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण दीड महिना किंवा त्याहून थोडा अधिक काळ जातो. निर्यातीची तोडणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत चालते आणि त्यानंतरचा माल देशांतर्गत बाजाराकडे वळतो. त्यामुळे वर्षअखेरच्या रात्री एकाच कंपनीच्या एका हरितगृहात नुसते कोंब असतात, तर शेजारच्या हरितगृहात कळी धरलेली असते. थंडी वाढली की फूल लांबते, ऊन वाढले की ते लवकर उमलते. भुरी, डाऊनी किंवा लाल कोळी आला तर दांडा निर्यातीच्या प्रतीतून बाहेर पडतो. चौदा तारखेनंतर उमललेल्या लाल गुलाबाला आदल्या आठवड्याचा भाव मिळत नाही, आणि या पिकात तीन-चार दिवसांचा उशीरसुद्धा हंगाम बुडवायला पुरेसा असतो.

या उभ्या पिकाला भारतीय लेखामानके दोन भागांत विभागतात. जी झाडे एकाहून अधिक हंगाम उत्पन्न देतात आणि जी स्वतः माल म्हणून विकली जाण्याची शक्यता जवळजवळ नसते, त्यांना उत्पादक झाडे मानून लेखामानक १६ प्रमाणे, म्हणजे यंत्रसामग्रीसारखे, खर्चाने नोंदवायचे आणि त्यांच्यावर घसारा काढायचा; त्या झाडांवर वाढणारा माल मात्र लेखामानक ४१ प्रमाणे जैविक मालमत्ता ठरतो आणि त्याचे मोजमाप रास्त मूल्यातून विक्रीखर्च वजा करून करायचे. रास्त मूल्य म्हणजे त्या दिवशी बाजारातील जाणत्या व्यक्तींमध्ये सुरळीत व्यवहार झाला असता तर मिळाली असती ती किंमत. अनेक वर्षे टिकणारे गुलाबाचे झाड पहिल्या वर्गात स्पष्टपणे बसते, जरबेराही बसतो; एका लागवडीत एकदाच काढली जाणारी शेवंती बसत नाही. परंतु गुलाबाच्या बाबतीत सीमारेषा झाडाच्या आतूनच जाते. हरितगृहातील गुलाबाच्या काही फांद्या मुद्दाम वाकवून ठेवतात, त्यांची पाने झाडाला अन्न पुरवतात आणि त्या कधीच विकल्या जात नाहीत, म्हणून त्या झाडाचा भाग आहेत. सरळ वर येणारा कोंब मात्र फुलासकट आणि दांड्यासकट कापून विकला जातो, किंबहुना दांड्याच्या लांबीवरच त्याची प्रत ठरते, म्हणून तो फुटल्या क्षणापासून वाढता माल आहे. वाकवलेली फांदी एका लेखामानकाखाली आणि तिच्या शेजारचा कोंब दुसऱ्या लेखामानकाखाली, ही विभागणी विचित्र वाटली तरी तर्काला धरून आहे. आणि ३१ डिसेंबरच्या हिशेबात जो काही मतभेद होतो तो या कोंबाच्या मूल्याबद्दलच होतो.

समजा, एका कंपनीने डिसेंबरअखेरपर्यंत या बहरासाठी छाटणी, खते, औषधे, मजुरी आणि कळ्यांच्या जाळ्या मिळून ६० लाख रुपये खर्च केले, तिमाहीतील तिचे बाकीचे उत्पन्न आणि खर्च समसमान आहेत, पुढे या बहराची विक्री १ कोटी ५० लाख झाली आणि तोडणी, प्रतवारी, शीतसाखळी व विमानभाडे यांवर ५० लाख गेले. कोंबाचे मूल्य नगण्य धरून सारा खर्च नफातोटा पत्रकात टाकला तर तिसऱ्या तिमाहीत ६० लाखांचा तोटा आणि चौथ्या तिमाहीत १ कोटीचा नफा दिसतो. लेखामानक ४१ एक सवलत देते: खर्च केल्यापासून जैविक वाढ फारशी झालेली नसेल, तर झालेला खर्च हाच रास्त मूल्याच्या जवळचा मानता येतो, ती सवलत घेतली तर तिसरी तिमाही ना नफा ना तोटा अशी राहते आणि चौथीत ४० लाखांचा नफा येतो. एखाद्या कंपनीने फेब्रुवारीचा अपेक्षित भाव ३१ डिसेंबरलाच गृहीत धरला, तर सगळे ४० लाख तिसऱ्या तिमाहीत येतात आणि प्रत्यक्ष विक्रीच्या तिमाहीत काहीच उरत नाही. वर्षाचा नफा तिन्ही मांडण्यांत ४० लाखच आहे. यांपैकी तिसरी मांडणी चुकीचीच म्हटली पाहिजे, कारण उरलेल्या दिवसांतील थंडी, रोग आणि भावाची जोखीम तिने शून्य मानली आहे आणि कोणताही शहाणा खरेदीदार कोंबाला फुलाचा भाव देत नाही. पहिली मांडणी सावध वाटते, पण जो माल दीड महिन्यात विकला जाणार आहे आणि ज्यावर जाणीवपूर्वक पैसा घातला आहे त्याला काहीच किंमत नाही असे म्हणणे, हेदेखील वस्तुस्थितीला धरून नाही. नुकत्याच फुटलेल्या कोंबांसाठी दुसरी मांडणी योग्य आहे आणि कळी धरलेल्या हरितगृहांसाठी, अपेक्षित भावातून उरलेला खर्च, नासाडीचे प्रमाण आणि जोखमीची वजावट करून मूल्य काढणे योग्य आहे; म्हणजे एकाच कंपनीला पिकाच्या अवस्थेनुसार दोन पद्धती वापराव्या लागतील, आणि त्या तिने दरवर्षी त्याच निकषांनी वापरल्या पाहिजेत.

कंपनीने कोणती मांडणी स्वीकारली हे वाचकाला कळण्याची सोय मात्र सध्याच्या व्यवस्थेत नाही, आणि मंडळाने लक्ष घालावे अशी सर्वांत गंभीर बाब हीच आहे. तिमाही निकालांत नफातोटा पत्रक दर तिमाहीला येते, पण मालमत्ता व दायित्वांचे विवरण आणि रोखप्रवाहाचे विवरण सहा महिन्यांतून एकदा, म्हणजे ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च या तारखांचे, प्रसिद्ध होते. सप्टेंबरमध्ये फेब्रुवारीच्या बहराची छाटणीही झालेली नसते. मार्चअखेर त्या बहरातील एक फूलही उरलेले नसते. ज्या एका ताळेबंदात हा बहर मालमत्ता म्हणून दिसू शकला असता, तो डिसेंबरचा ताळेबंद प्रसिद्धच होत नाही. भर म्हणून, विनियम ३३ निकालांसाठी लेखामानक ३४ मधील नोंद आणि मोजमाप यांची तत्त्वे लागू करतो, पण त्या मानकाने सांगितलेल्या सर्व स्पष्टीकरणात्मक टिपा निकालांच्या नमुन्यात येत नाहीत. चौथ्या तिमाहीची स्थिती आणखी बिकट आहे. तिचे आकडे स्वतंत्रपणे काढलेले नसतात. लेखापरीक्षित वार्षिक आकड्यांतून पहिल्या नऊ महिन्यांचे जाहीर आकडे वजा करून ते काढले जातात, आणि तशी टीप देण्याची तरतूद नियमावलीतच आहे. फुलांच्या कंपनीचा वर्षाचा निकाल ज्या तिमाहीवर अवलंबून असतो ती तिमाही अशी वजाबाकीतून जन्माला येते, आणि नऊ महिन्यांच्या आकड्यांत झालेली प्रत्येक चूक उलट चिन्हाने तिच्यात येऊन बसते.

अशा कंपन्यांना हंगामाचे उत्पन्न आणि खर्च चारही तिमाहींत वाटून द्यावेत, असा उपाय कधी कधी सुचवला जातो, त्याला येथे स्पष्टपणे विरोध केला पाहिजे. अंतरिम हिशेबाकडे पाहण्याच्या दोन जुन्या दृष्टी आहेत: एकीनुसार तिमाही हा वर्षाचाच एक अविभाज्य तुकडा आहे आणि वार्षिक खर्चाचा वाटा तिच्यावर टाकता येतो, दुसरीनुसार तिमाही हा स्वतंत्र कालखंड आहे आणि वर्षअखेरीस जे नियम लावले असते तेच तिच्या अखेरीस लावायचे. अमेरिकेत १९७३ साली लेखातत्त्व मंडळाने दिलेल्या अठ्ठाविसाव्या मताने पहिली दृष्टी स्वीकारली. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३४ आणि त्यावर आधारलेले भारतीय लेखामानक ३४ मुख्यतः दुसरीकडे झुकले. त्यानुसार हंगामी उत्पन्न आधी ओढून घेता येत नाही किंवा पुढे ढकलता येत नाही, जोपर्यंत वर्षअखेरीस तसे करणे योग्य ठरले नसते. ही भूमिका बरोबर आहे. पावसाळ्यापूर्वी हरितगृहाचा प्लास्टिक कागद बदलायचा आहे म्हणून त्याची तरतूद आदल्या तीन तिमाहींत करून ठेवता येत नाही, कारण कागद फाडून नवा घालण्याचे कोणतेही बंधन कंपनीवर त्या वेळी नसते. दिवाळीचा बोनस मात्र कामगारांच्या वर्षभराच्या कामातून साचत जातो, म्हणून तो ज्या तिमाहीत दिला तिच्यावर सगळा टाकणे चूक आहे. दोन्ही खर्च वर्षातून एकदाच होतात, तरी एकाचे बंधन आधी निर्माण होते आणि दुसऱ्याचे होत नाही, हा फरक लेखापरीक्षकांनी मर्यादित पुनरावलोकन करतानाही, म्हणजे पूर्ण लेखापरीक्षेहून हलकी अशी तपासणी करतानाही, तपासला पाहिजे. घसाऱ्याच्या बाबतीत, झाडांचा घसारा दांड्यांच्या संख्येवर काढणे ग्राह्य आहे आणि त्यामुळे हंगामी तिमाहीत तो वाढणे स्वाभाविक आहे. विक्रीच्या रकमेच्या प्रमाणात तो काढणे लेखामानक १६ ला मान्य नाही, कारण भाव चढला म्हणून झाड अधिक झिजत नाही.

सण चंद्राच्या गतीने येतात आणि आर्थिक वर्ष सूर्याच्या, यातून उद्भवणारा आणखी एक दोष भारतीय बाजारालाच लागू आहे. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला आला. परिणामी २०२३-२४ या आर्थिक वर्षात एकही पाडवा पडला नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन पडले. झेंडूसह सणाची फुले विकणाऱ्या कंपनीने त्या दोन वर्षांची तुलना सरळ टक्क्यांत मांडली, तर वाढ बाजाराची की पंचांगाची हे कोणालाही सांगता येणार नाही. नवरात्रात हेच घडते: २०२४ मध्ये ते ३ ऑक्टोबरला सुरू झाले आणि त्याची बहुतेक विक्री तिसऱ्या तिमाहीत गेली, तर २०२५ मध्ये ते २२ सप्टेंबरला सुरू होऊन दसरा २ ऑक्टोबरला आल्यामुळे तिचा मोठा भाग दुसऱ्या तिमाहीत आला. मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करण्याची जी प्रथा आहे, ती अशा वेळी वाचकाला वाट दाखवण्याऐवजी भलतीकडे नेते, आणि याला उत्तर म्हणून एकच ओळ पुरेशी आहे, ती म्हणजे या तिमाहीत कोणते सण आले आणि गेल्या वर्षी ते कोणत्या तिमाहीत होते.

उत्पन्नाच्या नोंदीबद्दल थोडेच सांगायचे आहे. पुण्याच्या गुलटेकडीला किंवा मुंबईत दादरला अडत्याकडे माल गेला म्हणजे विक्री झाली असे नव्हे. अडत्या तो कमिशनवर विकतो आणि अडत, हमाली व तोलाई कापून पट्टी पाठवतो, तेव्हा भाव कळतो. तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत गेलेल्या आणि विकल्या गेलेल्या मालाची पट्टी आली नसेल तर उत्पन्नाचा अंदाज बाजारभावावरून करावा लागेल, आणि उत्पन्न पट्टीतल्या निव्वळ रकमेने नव्हे, तर मूळ विक्रीच्या रकमेने दाखवून कापलेल्या रकमा खर्चात घालाव्या लागतील. नेदरलँड्समधील आल्समीरच्या लिलावात घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली येतो आणि खरेदीदार तो थांबवतो, त्या क्षणी विक्री होते; मुंबईहून विमान सुटले त्या क्षणी नव्हे. निश्चित मागणीवर थेट विकलेल्या मालाची नोंद कराराच्या अटींनुसार याहून आधी होऊ शकते. करासंबंधी, वर्षभराचा अपेक्षित सरासरी प्रभावी दर प्रत्येक तिमाहीला लावायचा असतो. पण स्वतः पिकवलेल्या फुलांचे उत्पन्न शेतीउत्पन्न म्हणून आयकरमुक्त आणि इतरांकडून विकत घेऊन विकलेल्या फुलांचा नफा करपात्र, असा दुहेरी व्यवसाय असेल तर दोन्हींसाठी एकच दर काढल्याने हंगामी तिमाहीचा कर विनाकारण कमीजास्त होतो, म्हणून दर वेगळे काढावेत.

आता मंडळाकडे असलेल्या तरतुदीविषयी. नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत म्हटले आहे की ज्या कंपनीच्या उत्पन्नात हंगामामुळे मोठे चढउतार होतात तिने आपल्या व्यवसायाचे हंगामी स्वरूप जाहीर केले पाहिजे, आणि तिमाहीच्या शेवटच्या दिवशी संपणाऱ्या बारा महिन्यांचे आकडे, चालू आणि मागील वर्षाचे, ती पुरवणी म्हणून देऊ शकते. लेखामानक ३४ देखील अतिशय हंगामी व्यवसायांना असे बारा महिन्यांचे आकडे देण्यास उत्तेजन देते. पहिला भाग बंधनकारक आणि दुसरा ऐच्छिक असल्यामुळे कंपनीला 'व्यवसाय हंगामी असल्याने एका तिमाहीचे आकडे पूर्ण वर्षाचे निदर्शक नाहीत' एवढे ठरावीक वाक्य छापून मोकळे होता येते. त्या वाक्यातून वाचकाला काहीही मोजता येत नाही. बारा महिन्यांचा रकाना असेल तर प्रत्येक निकालात एक फेब्रुवारी, एक दसरा आणि एक दिवाळी जवळपास हमखास येते आणि दोन वर्षांची तुलना पुष्कळ अंशी सारख्या गोष्टींची होते. कंपनीकडे हे सारे आकडे आधीच असल्यामुळे तिच्यावर बोजाही पडत नाही. म्हणून जैविक मालमत्ता बाळगणाऱ्या आणि हंगामी उत्पन्न असलेल्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी या तरतुदीतील 'देऊ शकते' हे शब्द काढून 'दिले पाहिजेत' असे करावे.

दुसरी मागणी डिसेंबरच्या टिपेची आहे. पूर्ण ताळेबंद मागण्याची गरज नाही. फेब्रुवारीच्या बहरासाठी किती क्षेत्र छाटले, त्यावर तिमाहीअखेरपर्यंत किती खर्च झाला, त्यातील किती मालमत्ता म्हणून पुढे नेला, तो खर्चाने की रास्त मूल्याने मोजला, आणि गेल्या वर्षी हीच पद्धत होती का, इतके एका परिच्छेदात सांगता येते. त्याच टिपेत, लेखामानक ३४ ने सांगितलेल्या कालावधीनंतरच्या घटनांच्या प्रकटीकरणाला धरून, संचालक मंडळाच्या बैठकीच्या दिवसापर्यंत निर्यातीचे किती दांडे रवाना झाले हेही लिहावे. ते डिसेंबरच्या नफ्यात धरायचे नाही, कारण ती डिसेंबरनंतरची घटना आहे. पण ती माहिती व्यवस्थापनाकडे त्या दिवशी तयार असते, आणि भागधारकाने ती मेअखेर वार्षिक निकालांसाठी थांबून, तीही वजाबाकीच्या आकड्यातून, शोधावी असे कोणतेही कारण नाही.

या तरतुदी पुढच्या ऑक्टोबरपूर्वी, म्हणजे मावळातल्या हरितगृहांत फेब्रुवारीसाठीची छाटणी ठरण्याच्या आधी, परिपत्रकाने लागू झाल्या तर कंपन्यांना आपल्या नोंदी हरितगृहवार आणि अवस्थेनुसार ठेवायला वेळ मिळेल, आणि लेखापरीक्षकांना ३१ डिसेंबरला प्रत्यक्ष जाऊन कोंब व कळ्यांची पाहणी करता येईल, जी फेब्रुवारीत गेल्यावर कोणालाच करता येत नाही.

कळावे.